भाऊ सध्या शांत आहे

४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. त्यातला 'उत्तम' या खेपेला जरा जड हाताने लिहिला आहे, हे आधीच सांगते.

फोन केला नाही, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मागे तुझं यंत्र घरघरत असतं. लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करणं हे महत्त्वाचं काम असेल, नाही म्हणत नाही. पण पत्राला 'हं' म्हणून वाटेला लावता येत नाही.

परवा भाऊचा जुना ज्युनिअर काही कामासाठी इकडे आला होता. तोच तो लांब मानेचा. भाऊच्या मागून बॅगा घेऊन पळायचा आणि भाऊने नुसतं वळून पाहिलं तरी घाम पुसायचा. आता त्याचं स्वतःचं ऑफिस आहे आणि मान आणखी लांब झाली आहे. त्याने फार दुःखी चेहरा करून सांगितलं, की तुमच्या वाचनालयाच्या मागे जे कँटीन आहे तिथे तो चहा प्यायला शिरला, तर त्याच्या पुढ्यातलं टेबल फडक्याने पुसत होता तो माझा भाऊ, तुझा नवरा. अंगात निळा एप्रन. ज्युनिअरने उठून 'सर' म्हटलं, तर भाऊने त्याला पाय वर घ्यायला सांगितलं, खालची फरशी पुसायची होती म्हणे. सांगताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यामागे किती सुख होतं ते मला चष्म्याशिवायही दिसलं.

भाऊला काय झालं ते मला शिकवू नकोस. कोर्टासमोर कागद वाचत रस्ता ओलांडत होता, मोटारसायकलने उडवला, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तीन वर्षं झाली. आयसीयूच्या बाहेर त्या निळ्या बाकावर तुझ्याशेजारी मीच बसले होते. मेंदूला जबर मार आहे, पण जमेल तेवढं परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. जमेल तेवढं म्हणजे फरशी पुसण्याएवढं, असा अर्थ तू काढलास. ज्याची उलटतपासणी ऐकायला इतर कोर्टांतले वकील मागच्या बाकावर येऊन बसायचे, त्याला तू त्या पुनर्वसन केंद्र नावाच्या बालवाडीत घातलंस आणि चारचौघांत त्याच्या हाती फडकं दिलंस.

तुझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं. त्या निमित्ताने भाऊला इकडे पाठव. तळमजल्याची खोली मोकळी करते. दोन माणसं ठेवते, एक दिवसा, एक रात्री. त्याला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही. आपल्या घरातला माणूस आपल्या घरातल्यासारखा राहील.

लोभ आहे तो आहेच. वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावरून ठरवीन.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. साष्टांगातलं पोट डॉक्टरांनी सध्या मना केलं आहे, तेवढं वजा करून घ्यावं.

लांब मानेच्या वकिलाने तुम्हाला अर्धंच सांगितलं. पाय वर घ्या म्हटल्यावर त्याने ते घेतले नाहीत, भारावून बसून राहिला. तेव्हा हे त्याला म्हणाले, की कोर्टातही तू असाच बसायचास, म्हणून पक्षकार माझ्याकडे यायचे. मग त्याच्या बुटांवरूनच फडकं फिरवलं. शेजारच्या टेबलावरचे हसले. वकीलमहाशय अर्धा चहा टाकून गेले. हा भाग त्यांच्या स्मरणातून गेला, म्हणजे मेंदूला मार सर्वांनाच थोडाफार लागलेला असतो.

केंद्राला तुम्ही बालवाडी म्हणता. हेही तेच म्हणतात, त्यामुळे भावंडांत एकमत आहे. तिथल्या थेरपिस्टला हे तोंडावर 'बालवाडीच्या बाई' अशी हाक मारतात. ती आमच्या निम्म्या वयाची बाई यांना विचारते, की मग आज डबा संपवलात का. सोबत एक बसचा ड्रायव्हर आहे. डेपोत त्याच्या डोक्यावर लोखंडी शटर पडलं. तो दिवसभर सगळ्यांची माफी मागत फिरतो, खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीचीसुद्धा. एक तरुण पोरगी आहे, उथळ पाण्यात सूर मारलेली. पोहण्यात तिची बक्षिसं आहेत. तिला हसू भलत्या वेळी फुटतं. आणखी चौघं-पाचजण आहेत. ही मंडळी ते कँटीन चालवतात. चहा, कॉफी, सँडविच. आमच्या नात्यातले लोक तिथे कौतुकाने येतात, सहानुभूतीने सगळं गोड मानतात आणि यांच्याकडून एक टोमणा खाऊन जातात. मला ते दृश्य आवडतं.

तुम्हाला वाटतं यांची बुद्धी गेली आणि मी उरलेल्याला कामाला जुंपलं. बुद्धी आहे. कलम विचारा, पोटकलमासकट सांगतील. पण समोर पाण्याचा पेला आहे, घसा कोरडा पडला आहे आणि हात पुढे करायचा आहे, हे तिन्ही मिळून एक काम होत नाही. बाई सांगतात, की मनात येणं आणि हातून होणं यांच्यामधला रस्ता खचला आहे. तो गोळ्यांनी दुरुस्त होत नाही, त्यावरून रोज जाऊन जाऊन पायवाट पडते. म्हणून मोबाइलवर गजर लावले आहेत. उठायचा, दात घासायचा, मोजे घालायचा, निघायचा. गजर झाला की आपण तोंड मिटून थांबायचं. पहिल्या वर्षी मी मोजे घेऊन धावत जायचे. मी घातले की दोन मिनिटांत काम व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी हे पाय पुढे करून माझी वाट बघत बसायचे. तेव्हा शिकले. आता दाराबाहेर ओठ चावत उभी राहते. आत ते मोज्याकडे बघत असतात, मोजा त्यांच्याकडे. कधीतरी उचलतात.

आज ते एकटे बसने जातात. एकदा भलत्याच थांब्यावर उतरले होते तेव्हा तिथल्या पोलिसाला त्याचे अधिकार कुठे संपतात ते इतकं समजावून सांगितलं, की तो स्वतः त्यांना घरी आणून सोडून गेला आणि जाताना मला म्हणाला, बाई, तुमची कमाल आहे.

पाठवायची माझी इच्छा नाही. बाईंचीही नाही. पण ऑपरेशननंतर मला महिनोन् महिने उचलठेव करता येणार नाही, चक्कर आली की यांना धरायचं तर दूरच. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या माहेरचे रोज फोनवर हळहळतात, पण येऊन राहायचं म्हटलं की सगळ्यांच्या घरी एकदम पाहुणे येतात. म्हणून पाठवते. तीन गोष्टी पाळा. गजर बंद करू नका. चहा त्यांचा त्यांना करू द्या, सांडला तरी. आणि वाटेल ते बोलले तर बोलू द्या.

माझा लोभ आहे तिथेच आहे, जरा दमलेला आहे.

तुमची
धाकटी


२० मार्च

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. पथ्य पाळ. बरं वाटायला लागलं म्हणून लगेच दुसऱ्यांच्या दातांकडे धावू नकोस.

भाऊ सध्या शांत आहे. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहिलं, तुला नंतर शोधत बसायला नको.

ते गजर मी पहिल्याच आठवड्यात बंद केले. घर आहे की गिरणी? दर थोड्या वेळाने भोंगा आणि त्या भोंग्यावर एका नामांकित वकिलाने उठून दात घासायचे. दिवसाचा माणूस आता त्याला उठवतो, तोंड धुऊन देतो, कपडे घालतो, चमच्याने भरवतो. भाऊ पहिले काही दिवस कटकट करत होता. त्या माणसाला म्हणाला, की तुझे हात माणसाचे आहेत की पावाचे. माझ्या बैठकीच्या खोलीतल्या निळ्या पडद्यांना उद्देशून म्हणाला, की असा रंग लावणाऱ्यावर दावा टिकेल. मी ऐकून घेतलं. आता त्यातलं काही नाही. खिडकीपाशी खुर्ची ठेवली आहे, तिथे बसतो. कुठलाही हट्ट नाही. शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, की किती गुणी माणूस, आवाजसुद्धा येत नाही.

तुझ्या बाईंना तीन वर्षांत जे जमलं नाही ते मला महिनाभरात जमलं. तिने पदवी घेतली असेल, मी उभं आयुष्य चारशे पोरांना गप्प बसवलं आहे. तिला कळव, शिष्टपणा न करता येऊन शिकून जा म्हणावं.

पत्राचं उत्तर सावकाश दे. इथे कसलीही घाई नाही, काळजी नाही.

ताई


२६ मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. उत्तर सावकाश द्यायला सांगितलंत, ते जमलं नाही.

पडद्यांविषयी ते शेवटचं कधी बोलले? दिवसाच्या माणसाला शेवटचा टोमणा कधी मारला? खुर्चीवरून आपण होऊन शेवटचं कधी उठले? ही तीन उत्तरं मला तेवढी कळवा, बाकी खुशाली नको.

चारशे पोरं तुम्ही गप्प बसवलीत, पण ती घंटा झाली की पळत सुटत होती. यांची घंटाच तुम्ही काढून घेतलीत. पहिल्या वर्षी हॉस्पिटलातून आणल्यावर हे असेच शांत होते. लोक येऊन बघून जायचे आणि माझं अभिनंदन करायचे. त्या शांततेतून यांना बाहेर काढायला किती माणसं लागली आहेत ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्हाला एप्रन दिसला.

मी आज निघाले असते. प्रवासाला डॉक्टर अजून परवानगी देत नाहीत. टाके ओले आहेत म्हणून हे अक्षरही आडवं पडून काढलेलं आहे, वाकडं आलं तर त्यालाही गप्प बसवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
धाकटी


१७ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, कारण ते उद्धट होतं. आज देते आहे, कारण काल जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

काल माझ्या जुन्या शाळेत कार्यक्रम होता. मला खुर्ची, हार, आणि माझ्या शिस्तीवर एका मठ्ठ माणसाचं लांबलचक भाषण. दुपारी घरी आले तर फाटकापासूनच जळका वास. दिवसाच्या माणसाने दूध गॅसवर ठेवलं आणि तो कोपऱ्यावर कोणाशी तरी गप्पा मारायला गेला. दूध उतू जाऊन करपलं, भांडं लाल झालं, ओट्यावरच्या फडक्याने पेट घेतला आणि त्याच्यावर टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी वितळून ठिबकत होती. घरभर काळा धूर. भाऊची खुर्ची त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी होती, कारण खिडकीतून ऊन येत होतं आणि ती मीच हलवायला सांगितली होती.

भाऊ त्या खुर्चीवर बसलेला होता. खोकत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि धुराकडे बघत होता. बाहेरचं दार त्याच्या पाठीशी सताड उघडं होतं. हात धरून ओढला तर लगेच उठला आणि माझ्याबरोबर चालत बाहेर आला. पायाला काही झालेलं नाही. बंबवाल्यांना बोलवावं लागलं नाही, शेजाऱ्यांनीच विझवलं.

अंगणात पायरीवर बसवून, पाणी पाजून मी त्याला विचारलं, की धूर दिसला ना, मग उठला का नाहीस. साक्षीदाराने सांगावं तसं त्याने सरळ सांगितलं, की मला उठवायला कोणी आलं नव्हतं.

मी त्या माणसाला उभा आडवा झापायला घेतला. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, की बाई, यांना काही करावं लागता कामा नये असं तुम्हीच सांगितलंत, मला वाटलं यांना काही करता येत नाही. त्याला काढून टाकलं, पण राग आता त्याच्यावर नव्हता.

संध्याकाळी गजर पुन्हा चालू केले. वाजला तर भाऊ मोबाइलकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. मी चहाचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाने आत गेले. भांडं हातात, तो तिथेच.

रविवारी मी स्वतः त्याला घेऊन येते. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा स्टेशनावर तसलं काही होईल अशी अपेक्षा करून अवघडून उभी राहू नकोस. रिक्षा तेवढी सांगून ठेव.

ताई


९ जुलै

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. आता पोटासकट.

तुम्ही परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मोज्यापासून सुरुवात केली. बाई पहिल्या दिवशी यांना बघून काही बोलल्या नाहीत, फक्त निळा एप्रन खुंटीवर अडकवला आणि म्हणाल्या, की हवा तेव्हा घ्या. तो बरेच आठवडे खुंटीवरच होता. हे कोपऱ्यात बसायचे. चहा सांडला तरी बघायचे, कोणी पडलं तरी बघायचे. एवढे सभ्य झाले होते, की मला भीती वाटायची.

बसने एकटं सोडायची सोय राहिली नव्हती, आणि मला तर जिना उतरायलाही वेळ लागायचा. तो बसचा ड्रायव्हर रोज सकाळी आमच्या दारात यायला लागला. आल्याबद्दल माझी माफी मागायचा, यांची मागायचा, बसमध्ये कंडक्टरची मागायचा. यांचा हात धरत नसे. शेजारी उभा राहायचा आणि हे पाऊल उचलेपर्यंत दोन बस सोडून द्यायचा. त्याला स्वतःला उशीर झाला की घाम फुटतो, तरी सोडायचा.

गेल्या महिन्यात त्या पोहणाऱ्या पोरीच्या हातून अख्खा ट्रे खाली गेला. कपांचा चुरा झाला आणि तिला हसू फुटलं, थांबेना. हे कोपऱ्यातून म्हणाले, की आरोपी गुन्ह्याच्या जागी हसत असेल तर वकिलाने काय करायचं. मग हे उठले. वन्सं, कोणी सांगितलं नव्हतं. उठून केरसुणी आणली आणि काचा गोळा करताना तिला म्हणाले, की पाय वर घे, मूर्ख मुली. बालवाडीच्या बाई मागच्या खोलीत गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

आता एक कडू बोलते. नात्यातले सगळे मला एकच विचारतात, की पूर्वीसारखे कधी होणार. त्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही, कवळीचं माप घेतल्यासारखी तोंडाकडे बघत राहते. पण तुम्ही दर रविवारी यांना फोन करता आणि जुने खटले विचारता. अमक्या केसमध्ये तू काय म्हणाला होतास, तमक्या न्यायाधीशाची कशी जिरवलीस. यांना आठवलं नाही की तुम्ही उसासा टाकता. तुम्हाला वाटतं तो तुमच्याकडेच राहतो. तो इकडे ऐकू येतो. फोन ठेवल्यावर हे संध्याकाळपर्यंत जेवायचं नाव काढत नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर लोभाविषयी काय लिहावं कळत नाही. उरला असेल तेवढा ठेवावा.

धाकटी


२ सप्टेंबर

ती. ताईस,

सुरुवातीला काही अक्षरं घालायची असतात. ती आठवत नाहीत. तू मोठी आहेस, तुला लागतील ती घे.

हे पत्र लिहायला कोणी सांगितलेलं नाही. धाकटीला कागद मागितला, तिने दिला आणि ती कामाला गेली. एका वेळी थोडंच लिहून होतं, मग डोकं जड होतं. म्हणून रोज सकाळी थोडं लिहितो. एखादी गोष्ट दोनदा आली तर दोन्ही वेळा वाच.

त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. तू सांगतेस, ज्युनिअर सांगतो, नातेवाईक सांगतात. मला तो तुकड्यातुकड्यांत आठवतो. ऐकीव पुराव्यावरून तो फार गर्विष्ठ असावा. आई गेली तेव्हा तारीख होती म्हणून उशिरा आला, तो तोच ना. भर रस्त्यात कागद वाचत चालायचा, म्हणजे अक्कलही बेताचीच. तुला तो फार आवडायचा. असेल. मला त्याच्याशी बोलायला मिळालं असतं तर दहा मिनिटांत भांडण झालं असतं.

दर रविवारी तू फोन करतेस आणि मला विचारतेस, तो आहे का. शब्द वेगळे असतात. मी फोन धरून उभा असतो.

कँटीन ठीक चाललं आहे. मी आता काउंटरवर असतो. दोन वस्तू लक्षात राहतात, तिसरी निघून जाते. गिऱ्हाइकांना सांगतो, की माणसाने एवढी हाव धरू नये. काही लोक हसतात, काही दुसरीकडे जातात. गेलेले बरे. ड्रायव्हरने मंगळवारी दिवसभर कोणाची माफी मागितली नाही. आम्ही त्याला ते सांगितलं तर त्याबद्दल मागितली. पोरगी परत पाण्यात उतरते आहे, कमरेएवढ्या. बाईंना काही येत नाही, पण त्या थांबतात चांगल्या.

रात्री कधी कधी मला कळतं, काय काय गेलं ते. सकाळपर्यंत ते निसटतं. ही सोय आहे. धाकटीला ती सोय नाही. तिच्याशी जरा बरं वाग.

तुझ्या घरी धूर झाला होता ते मला आठवतं. दार उघडं आहे हे मला माहीत होतं. उठायला हवं हेही माहीत होतं. मी आत ओरडत होतो, ताई. बाहेर काही आलं नाही. तुला वाटत असेल मी शांत होतो.

तू ज्याची वाट बघतेस तो येणार नाही. हे मी आधी लिहिलं असेन. तरी वाच.

तू ये. सकाळची ये, दुपारनंतर मी कोणाच्या उपयोगाचा नसतो. जुनं काही विचारू नकोस. काउंटरशी रांगेत उभी राहा, मुख्याध्यापिका होतीस म्हणून पुढे घुसू नकोस. तुझा नंबर आला की काय हवं ते सांग. दोनच वस्तू सांग.

तुझा भाऊ,
आहे तो